वेढ्यात घेतलेलं शेत

नगरच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसून मी दस्त लिहितो. खरेदीखत, साठेखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र. चतुःसीमा लिहिता लिहिता माझे केस पांढरे झाले. त्यामुळे पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, आवडता अध्याय कुठला, असं कोणी विचारलं की माझ्या तोंडून यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा बत्तिसावा अध्याय येतो. अब्राहामाने एफ्रोन हित्तीकडून मकपेलाची गुहा 400 शेकेल रुप्याला घेतली, तोही व्यवहार चोख आहे, पण तिथे कागद नाही. यिर्मयाकडे कागद आहे.

प्रसंग असा. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, फौजेने यरुशलेमला वेढा घातला आहे. शहर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत आलाय आणि त्याच कारणाने राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडून ठेवलंय. तिथे त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथचं माझं शेत तू विकत घे, जवळचा नातलग म्हणून ते सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमच्या अगदी जवळचं गाव. भोवती शत्रूची छावणी पडलेली असताना ते शेत कोणाच्या ताब्यात असेल, हे सांगायला तलाठी लागत नाही. असा दस्त माझ्याकडे आला असता तर मी घेणाऱ्याला बाजूला नेऊन दोनदा विचारलं असतं.

यिर्मया ते शेत घेतो. 17 शेकेल रुपं तराजूत तोलून देतो. दस्त लिहितो, मोहर करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. दोन्ही आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. मेलेल्या बाजारात, कैदेतल्या माणसाने, इतक्या नीट केलेली खरेदी!

हे सगळं आज लिहायचं कारण माझी पत्नी. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिसचे. हाताला फिश्चुला (शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) केलेला आहे, त्यातून दोन जाड सुया घालतात आणि चार तास ती यंत्राशेजारी पडून असते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं म्हणून आमचं निभतंय. इंजेक्शनं, रिक्षा, मधल्या तपासण्या खिशातून जातात. पण पैशापेक्षा तहानेचा त्रास जास्त. पाणी मोजून प्यायचं. उन्हाळ्यात दारावरून शहाळ्याची गाडी जाते तेव्हा ती आत निघून जाते, कारण शहाळं चालत नाही, केळी चालत नाहीत, पालेभाजीसुद्धा उकळून पाणी फेकून द्यावी लागते. ज्या बाईने आयुष्यभर सगळ्या चाळीला खाऊ घातलं तिने आता वाटीत मोजून वरण घ्यायचं. हे बघताना माझा जीव तुटतो, आणि ते मी देवाला जसंच्या तसं सांगतो. स्तोत्रांमध्ये किती तक्रारी आहेत ते बघा. 'किती वेळ, परमेश्वरा?' हा प्रश्न विचारायची मुभा आपल्याला शास्त्रानेच दिली आहे.

आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक प्रेमाने येतात, प्रार्थना करतात. काहीजण जाताना सांगतात, विश्वास धरा, नाताळच्या आत बऱ्या होतील. मला राग येत नाही, कारण यिर्मयालाही असा एकजण भेटला होता. हनन्या संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर म्हणाला, बाबेलने नेलेलं सगळं दोन वर्षांत देव परत आणील. यिर्मया त्याला पहिलं काय म्हणाला? आमेन, परमेश्वर तसंच करो. मीही मनापासून आमेन म्हणतो आणि शुक्रवारी सकाळी रिक्षा बोलावतो. लोक जे वचन भिंतीवर लावतात, देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, ते यिर्मयाच्याच एकोणतिसाव्या अध्यायात, बाबेलला कैद करून नेलेल्या यहूद्यांना धाडलेल्या पत्रात आहे आणि त्याच्या आदल्याच ओवीत 70 वर्षांची मुदत घातली आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले बरेच जण परतीचा दिवस बघणार नव्हते. त्यांना सांगितलं होतं, घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, पोराबाळांची लग्नं करा. मला हे वचन 70 वर्षांसकट हवं आहे. त्याशिवाय ते आमच्या घरात टिकत नाही.

आता आमच्या शेताचं. पारनेर तालुक्यात आमची थोडी कोरडवाहू जमीन आहे, बाजरी आणि मूग एवढंच होतं. डायलिसिस सुरू झालं त्या वर्षी मी ठरवलं की सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावायचं. पतीच्या हयातीत पत्नीचं नाव सहधारक म्हणून लावता येतं, लक्ष्मीमुक्ती म्हणतात त्याला. मूळ कल्पना शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची, पुढे 1992 साली शासनाने परिपत्रक काढलं. इतरांचे असे अर्ज मी लिहून दिलेत, घरचा राहिला होता. गावाकडून चुलते म्हणाले, "अरे, तिच्या तब्येतीचा काय भरवसा? उद्या पुन्हा वारसनोंदीच्या मागं पळत बसशील." त्यांचं बोलणं व्यवहाराला धरून होतं. मी म्हटलं, "काका, ती आज आहे ना? मग आज तिचं नाव लागू द्या."

अर्ज दिला, जबाब झाला, नोटिशीची मुदत संपली, फेरफार मंजूर झाला. नवीन उतारा मी तिच्या हातात दिला. तिने माझ्या नावाखाली स्वतःचं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाली, "मग आता बांधावर चिंच लावायची. माझ्या वाट्याच्या बाजूला." चिंचेला फळ धरायला सात-आठ वर्षं सहज लागतात. ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, शेतकऱ्याची लेक आहे ती. पावसाळ्यात आम्ही रोप लावलं. खड्डा मी खणला, माती तिने लोटली, फिश्चुलाचा हात जपून.

आशा म्हणजे मनाला काहीतरी गोड वाटणं, असं मी मानत नाही. आमच्याकडे गोड वाटण्याचे दिवस कमीच येतात. केडगावच्या पंडिता रमाबाईंचं बघा. ऐन तारुण्यात दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग 1882 साली नवरा. मांडीवर लहानगी मनोरमा. पुढे शारदा सदनाला, म्हणजे विधवांसाठी काढलेल्या आपल्या संस्थेला, हातभार म्हणून त्यांनी केडगावला फळबागेसाठी जमीन घेतली, आणि 1896-97 च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून त्याच जमिनीवर आणल्या. भुकेने आपली माणसं नेलेली पाहिलेली बाई पुन्हा दुष्काळातच पाय ठेवते. माझी आजी हे सांगायची तेव्हा मला नुसती गोष्ट वाटायची. आता डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर बसलो की मला रमाबाईंचा आधार वाटतो.

पुन्हा यिर्मयाकडे येतो, कारण त्या अध्यायातली मला सगळ्यात प्रिय गोष्ट खरेदीच्या नंतर आहे. दस्त बारूखच्या हाती दिल्यावर यिर्मया प्रार्थनेला बसतो आणि देवाला विचारतो: शहराला मोर्चे भिडलेत, तू म्हणालास तसंच घडतंय, आणि तरी तू मला रुपं मोजून शेत घ्यायला सांगतोस? आधी सही, मग प्रश्न. सगळं समजेपर्यंत तो थांबला नाही. देवाचं उत्तरही सरळ आहे: मला काही अवघड आहे काय? पण त्याच उत्तरात शहर बाबेलच्या हाती जाणार हेही आहे. वेढा उठला नाही. आणि शेवटी, या देशात पुन्हा शेतं विकत घेतली जातील, दस्त लिहिले जातील, साक्षीदार सह्या करतील, असं वचन आहे. दस्तलेखकाला याहून मोठं सांत्वन कुठलं असणार!

पत्नीचं नाव पुण्याला किडनीच्या प्रतीक्षायादीत आहे. नंबर कधी लागेल ते डॉक्टर सांगू शकत नाहीत आणि आम्हीही आता दर वेळी विचारत नाही. वधस्तंभावरच्या प्रभू येशूने कबर चुकवली नाही, तिच्यातून तो उठला, एवढं आम्ही दोघं धरून आहोत. सध्या ती संडे स्कूलच्या मुलांचं नाताळचं नाटक बसवते आहे. मंगळवार-शुक्रवार तिचे यंत्राचे, म्हणून तालमी बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी आमच्याच घरी होतात. मेंढपाळ तयार आहेत, मागी लोकांची, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांची, पाठांतरं चालू आहेत, फक्त हेरोद राजाला मोठ्या आवाजाचा एक मुलगा हवा आहे.