शून्यवाल्यांचा ग्रुप

डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएल या भाषेतली ग्रुप बाय ही भारी चीज आहे. समोर ऑर्डरचं लांबलचक टेबल, बघून काही म्हणजे काही कळत नाही, आणि मग ग्रुप बाय कस्टमर आयडी म्हटलं की सगळा पसारा गोळा होऊन प्रत्येकाची एकच ओळ उरते, शेजारी काउंट, म्हणजे त्याच्या ऑर्डर किती तो आकडा.

१९७४ साली आयबीएममधल्या चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी ही भाषा मांडली तेव्हा प्रोग्रामर नसलेल्यालाही डेटाला प्रश्न विचारता यावा असा त्यांचा हेतू होता. हेतू छानच, पण आपण बोलतो कसं? 'रद्द झालेल्या सोडून ज्यांच्या पाचपेक्षा जास्त ऑर्डर आहेत ते कस्टमर दे', एका दमात. क्वेरीत, म्हणजे या भाषेत लिहिलेल्या प्रश्नात, मात्र याचे दोन तुकडे करावे लागतात. रद्दची अट व्हेअरमध्ये, कारण तो गट पडायच्या आधी एकेक ओळ तपासतो, आणि पाचपेक्षा जास्तची अट हॅविंगमध्ये, कारण तो आकडा गट पडल्याशिवाय जन्मालाच येत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बसलं.

खरी गंमत पुढे आहे. कोणीतरी विचारतं, एकही ऑर्डर न दिलेले कस्टमर किती? आपण म्हणतो त्यात काय, हॅविंग काउंट बरोबर शून्य. रिझल्ट रिकामा! एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं वा, सगळ्यांनीच ऑर्डर दिलीये. अहो, ज्याची ऑर्डरच नाही तो ऑर्डरच्या टेबलात येणार कुठून, आणि ओळच नाही तर गट कशाचा पडणार. हजेरीपटावर नावच नसलेल्याची गैरहजेरी लागत नाही, तसं.

मग कस्टमरच्या टेबलापासून सुरुवात करून ऑर्डरला लेफ्ट जॉइन मारायचा, म्हणजे ऑर्डर असो वा नसो, प्रत्येक कस्टमरची ओळ राहते. आता शून्यवाले दिसतात, पण काउंट स्टार लिहिलं असेल तर त्यांच्यापुढे १ येतो, कारण जोडीदार नसला तरी कस्टमरची स्वतःची एक ओळ असतेच आणि स्टार ओळी मोजतो. त्याच्या जागी काउंट ऑर्डर आयडी लिहा, तिथे नल, म्हणजे रिकामी जागा आहे, नल मोजला जात नाही, शून्य येतं. हा नल पण वल्ली आहे, व्हेअरमध्ये एक नल दुसऱ्या नलशी जुळत नाही आणि ग्रुप बायमध्ये तेच सगळे नल गुपचूप एका गटात जाऊन बसतात.

आणि एवढं सगळं करून रद्दची अट सवयीने व्हेअरमध्येच ठेवली तर शून्यवाले परत गायब, कारण त्यांच्या स्टेटसमध्येही नलच असतो आणि 'रद्द नाही ना?' असं विचारलं तर तो हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. ती अट उचलून जॉइनच्या ऑनमध्ये, म्हणजे दोन टेबलं जोडायच्या अटीत टाकायची, तेव्हा कुठे ती मंडळी जागेवर येतात.