आमची वाटचाल : कामाच्या मागोमाग फिरलेल्या प्लेटा

कालव्यावरील बांधकामे, मोऱ्या आणि लहान पूल ही आमच्या फर्मची मूळ कामे. १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादाने राज्याला दिलेले ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मे २००० पर्यंत वापरात आणण्याच्या घाईत पश्चिम महाराष्ट्रात कामांचा पूर आला. त्या काळात आमच्यासारख्या पोटठेकेदाराला काम शोधावे लागत नसे. कमी पडत त्या सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, लोखंडी प्लेटा.

त्या प्लेटा सांभाळल्या आमच्या पहिल्या भागीदारांनी. ते मुळात सुतारमिस्त्री. काँक्रीट सुटल्यावर प्रत्येक प्लेट खरवडून, वाकलेला अँगल ठोकून सरळ करून आणि तेलाचा हात फिरवूनच ती थप्पीला लागे. प्लेटांच्या सांध्यातून स्लरी, म्हणजे सिमेंटचे पातळ पाणी, गळाली तर पृष्ठभागावर खडी उघडी पडते, आणि मग वरून कितीही गिलावा केला तरी जाणत्या अभियंत्याला ते दिसतेच, म्हणून ओतकामाआधी ते प्रत्येक सांध्यावरून स्वतः बोट फिरवीत.

मुदत सरली तसा निधी आटला आणि कालव्यांची कामे जागच्या जागी थांबली. मुख्य ठेकेदाराने आमची मोजमापे आपल्या बिलात घेऊन शासनाकडून पैसे उचलले होते. आमच्या हाती मात्र ‘वरून आले की देतो’ एवढेच आले आणि सुरक्षा ठेवही अडकली. बँकेने मिक्सर आणि व्हायब्रेटर लिलावात काढले. ते घेतले कोणी, तर आमच्याच साइटवर सेंटरिंग शिकून पुढे ठेकेदार झालेल्या गृहस्थाने, तेही भंगाराच्या भावात. आणि त्यानंतर आमची फर्म बंद पडल्याचे तालुकाभर सांगितलेही त्यानेच. पुढे तो प्रत्येक निविदा इतकी बिलो, म्हणजे अंदाजपत्रकी दराच्या खाली, भरू लागला की त्या दरात सिमेंटसुद्धा बसत नव्हते. त्याची कामे कशी झाली, हे त्या मोऱ्यांच्या पंखभिंती (तोंडाशी दोन्ही बाजूंनी माती अडवणाऱ्या भिंती) आजही सांगतात. भागीदारांनी स्वतःची जमीन गहाण टाकून प्लेटा तेवढ्या वाचवल्या.

मधली वर्षे ग्रामसडक योजनेच्या मोऱ्यांवर निघाली. मग कामाचे पारडे पूर्वेकडे झुकले : समृद्धी महामार्गाची ७०१ किलोमीटर लांबी दहा जिल्ह्यांतून जाणारी, आणि विदर्भ-मराठवाड्यात वाटेवर काळी माती. पाणी लागताच फुगणाऱ्या या मातीवर पाया ठेवायचा नसतो. ती काढून मुरमापर्यंत जावे लागते, आणि कालव्याच्या अस्तराखाली न फुगणाऱ्या मुरमाचा थर द्यावा लागतो. हे आम्ही कालव्यावर शिकलो होतो, त्यामुळे तेथे मोऱ्यांची कामे मिळवताना आम्हाला कोणाची शिफारस लागली नाही. नव्या मंडळींनी निविदेचा कागद वाचण्याआधी नाल्यात खड्डा घेऊन माती हातात घ्यावी, हे येथे सांगून ठेवतो.

जून २०२५ मध्ये समृद्धीचा शेवटचा टप्पा खुला झाला. मुंबईच्या परिसरात भुयारे आणि मेट्रो यांची मोठी कामे आहेत; पण तेथे यार्डात तयार झालेले काँक्रीटचे सुटे भाग, म्हणजे सेगमेंट, येऊन बसतात, आमच्या प्लेटांना त्यात वाव थोडा. म्हणून आम्ही पुन्हा जुन्या कालव्यांच्या दुरुस्तीकडे वळलो आहोत. आता करारात एक अट घालतो : आमच्या कामाचे मोजमाप त्याच महिन्यात मोजमाप पुस्तकात चढावे आणि त्याची सहीची प्रत आम्हाला मिळावी. ही अट मान्य नसेल, तर ट्रकमधून प्लेटा उतरत नाहीत.