जेवलिस

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारआधी फुलांच्या दुकानात झोप नसते. गिऱ्हाईक गुलाब मागतं, पण मातृदिन तारून नेतं ते कार्नेशन. कळी घट्ट असतानाच घ्यायचं, काप तिरका आणि दोन गाठींच्या मधोमध. गाठीवर बसला तर देठ पाणी ओढत नाही. मग रात्रभर गार खोलीत.

हे फूल या दिवसाला चिकटलं ते मातृदिन सुरू करणाऱ्या अ‍ॅना जार्व्हिसमुळे. १९०८ साली अमेरिकेत ग्राफ्टनच्या चर्चमध्ये तिनं ५०० पांढरी कार्नेशन पाठवली, आईची आवडती म्हणून. सुकतानाही याच्या पाकळ्या गळत नाहीत, आत मिटतात. तिला त्यात आई दिसली. आम्हाला त्यात लांबच्या प्रवासाला टिकणारा माल दिसतो. १९१४ मध्ये अध्यक्ष विल्सननी दिवस जाहीर केला, पांढऱ्याचे भाव चढले, फुलं पुरेनात. मग धंद्यानं नियम पसरवला: आई गेलेली असेल तर पांढरं, हयात असेल तर लाल. जार्व्हिस पुढे आमच्यावरच उलटली. छापील कार्डांचा तर तिला फार राग. आईला स्वतःच्या हातानं लिहा, म्हणायची.

आमच्याकडे यंदापासून हातानं मी लिहिते. मजकूर पडद्यावर येतो, तो उतरवायचा. बहुतेक सगळ्यांची आई जगात सर्वांत चांगली असते. एकच वेगळं होतं: 'आई, जेवलिस का? मी बरा आहे.' शुद्धलेखन माझा अभिमान, 'जेवलीस' करून टाकलं.

रविवारी दुपारी फोन आला.

"कार्ड कुणी लिहिलं?"

"मी, काकू. काही चुकलं का?"

"मुलगा थंडीत गेला माझा."

ऑर्डर पाच वर्षांची, आगाऊ भरलेली. सवलत देऊन आम्हीच भरायला लावतो. बंद करते, पैसे परत देऊ, असं मी गडबडून म्हणाले. समोरून मालक मानेनं नको-नको करत होते. आमच्या यंत्रात 'पत्ता बदलला'ची चौकट आहे, माणूस गेल्याची नाही.

"बंद नका करू," काकू म्हणाल्या. "पण तो ऱ्हस्वच लिहायचा. आधीच्या कार्डांवर तसंच आहे."

अजून दोन वर्षं बाकी आहेत. मूल गेलेल्या आईला कुठला रंग, ते आमच्या नियमात नाही, लालच जातील. शेऱ्याच्या रकान्यात मी टाकून ठेवलंय: 'जेवलिस' तसंच ठेवणे.