अस्तर वाळतंय तोवर कुलर

आमच्या अथणीत कुलर चालतो. बेळगावात त्याची फारशी गरज पडत नाही, आणि माझ्या माहेरी खानापूरकडं गरज पडली तरी त्याचा उपयोग होत नाही. तिन्ही गावं कर्नाटकातल्या एकाच बेळगाव जिल्ह्यातली, पण हवा तीन तऱ्हेची. मलप्रभा नदी जिथं उगम पावते त्या खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला पावसाळ्यात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, आणि इकडं आम्ही पर्जन्यछायेत. तेलसंगच्या बाजूला गेलं की आणखीच कोरडं. त्यामुळं ‘कुलर घेऊ का’ असं कुणी विचारलं की मी आधी ‘राहता कुठं’ असं विचारते. कंपनी, टाकीचं माप, रिमोट वगैरे सगळं त्याच्या नंतर.

मी शिवणकाम करते. समोरच्या खोलीत दोन मशिनी, एक इंटरलॉकची, कटिंगचं टेबल आणि भिंतीला लावलेले ब्लाऊज. वर स्लॅब. मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, जुनं माळवदाचं (मातीच्या धाब्याचं) घर होतं तेव्हा आत कधी उकडायचं नाही म्हणतात. आता स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत ती ऊब खाली सोडत राहतो. फॅन लावला की छताखालची तापलेली हवाच अंगावर येते. त्यात आमचा हंगाम नेमका उन्हाळ्यात. पाडवा झाला की लग्नाचे ब्लाऊज सुरू होतात ते बसवजयंतीच्या आसपास डोक्यावरून पाणी जाईपर्यंत. गुळेदगुड्डचा खण किंवा रेशमी ब्लाऊजपीस हातात असताना घाम टपकला तर डाग राहतो, आणि गिऱ्हाईक तो डाग बरोबर शोधून काढतं. कुलर घेतला तो ह्यासाठी. मिरजेहून आणला, चाळीस लिटरचा, चाकांचा, प्लॅस्टिक बॉडीचा.

दुकानदारानं विकताना बर्फाचा कप्पा उघडून दाखवला. ‘वहिनी, ह्यात बर्फ टाका, एसी विसरून जाल.’ मी मान हलवली. माझा मुलगा पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्सला आहे, त्यानं घरी येऊन तो कप्पा निकालात काढला. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण २,४०० किलोज्यूल. सातपट फरक! कुलर गार करतो तो पाणी गार असतं म्हणून नाही, पाणी उडतं म्हणून. बर्फाच्या पाण्यानं पहिली दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं आणि मग सगळं होतं तसं. शिवाय तो बर्फ करायला फ्रिज मागच्या जाळीतून घरातच गरम हवा सोडत बसतो, ते वेगळंच. सध्या त्या कप्प्यात मी पॅड (पाण्यानं भिजणारे कुलरचे पडदे) घासायचा ब्रश ठेवते.

त्यानंच मला आणखी एक गंमत करून दाखवली. लॅबमध्ये असतं तसलं काचेचं थर्मामीटर आणलं. (तापाचं चालत नाही, ते पस्तीसच्या खाली जातच नाही.) मलमलची चिंधी माझ्याकडं पोत्यानं. ती ओली करून थर्मामीटरच्या टोकाला गुंडाळली आणि फॅनपुढं धरली. बाहेर चाळीस होतं. ओल्या चिंधीतला पारा उतरत उतरत बावीस-तेवीसवर जाऊन थांबला. म्हणजे त्या दुपारच्या हवेत कुठलाही कुलर, कितीही महागाचा असो, त्याच्या खाली जाणार नाही. पॅड चांगले असतील तर ह्या फरकातला सत्तर-ऐंशी टक्के भाग पदरात पडतो. आमच्या कुलरच्या तोंडाशी सत्तावीस-अठ्ठावीस मिळालं. चाळिसातनं येऊन अठ्ठावीसच्या वाऱ्यात बसलं की काय वाटतं ते सांगायला नको.

पण थर्मामीटर मला रोज कशाला? माझ्याकडं अस्तर आहे. सुती अस्तर कापायच्या आधी भिजवून वाळवावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि ब्लाऊज दंडात आवळतो. एप्रिलमध्ये पिळून दोरीवर टाकलेलं अस्तर मी चहा करून येईपर्यंत कडक झालेलं असतं. अशा दिवशी कुलर झक्क चालतो. अस्तर दुपारभर दमट राहिलं तर त्या दिवशी कुलरचं पाणी मी बंदच ठेवते, नुसता पंखा चालवते. दोन्हीकडं काम एकच, हवेनं पाणी पिऊन घ्यायचं. हवेचंच पोट भरलेलं असेल तर ती माझं अस्तरही वाळवणार नाही आणि मला गारही करणार नाही.

खिडकीवरून आमच्याकडं दर उन्हाळ्यात वाद होतो. नणंदेची मुलं पुण्याहून येतात, त्यांना एसीची सवय. कुलर लावला की धावत जाऊन दार-खिडक्या लावून घेतात, ‘मामी, गारवा बाहेर जातोय!’ अर्ध्या तासात खोलीत कपडे अंगाला चिकटायला लागतात आणि मग ‘तुमचा कुलर बिघडलाय’. बिघडलेला नसतो. बंद खोलीत तो तीच ओली हवा पुन्हा पुन्हा ओढतो, आणि ओली हवा आणखी किती ओली होणार? कुलरची पाठ उघड्या खिडकीला लागून हवी म्हणजे बाहेरची कोरडी हवा आत येते, आणि समोरच्या बाजूचं दार किंवा खिडकी उघडी हवी म्हणजे ओली झालेली बाहेर जाते. माझ्याकडं मागच्या खिडकीशी कुलर, मशीन मध्ये आणि रस्त्याकडचं दार उघडं. दारात उभं राहून माप देणाऱ्या बायकांनाही झुळूक लागते. त्या मग माप देऊन झालं तरी हलत नाहीत. पुण्याच्या मंडळींना हे मी समजावून दमले, आता ती आली की समोरच्या दाराला स्टूलच लावून ठेवते.

त्या वाऱ्यात काम करण्याचेही नियम आहेत. टेबलावर थेट झोत नको, अस्तराचे तुकडे आणि कागदी पॅटर्न उडतात, शिवाय कागद दमट होऊन कडेला वळतो. मी कुलर खाली ठेवून झोत कमरेपासून तोंडापर्यंत यावा असा फिरवते. तयार ब्लाऊज आतल्या कपाटात. सुया उघड्या डबीत ठेवल्या तर गंजतात, म्हणून झाकणाच्या डबीत, वर मशीनच्या तेलाचा थेंब. सगळी खोली गार करायचा नाद मी सोडून दिलाय. एवढ्याशा कुलरला ते झेपत नाही, आणि मला तरी कुठं हवंय, मी बसते तेवढी जागा गार झाली की पुरे. चाकं कामाला येतात ती इथंच. संध्याकाळी तोच ढकलत मामांच्या खाटेकडं.

मामांना मात्र तो डोळ्यांपुढं नको असतो. गार वाऱ्यानं गुडघे धरतात हे एक कारण, पण खरं दुखणं पाण्याचं आहे. ‘अगं, ह्यो तुझा कुलर म्हशीएवढं पाणी पितोय की!’ मोजायला गेलं तर ते खोटं नाही. भर दुपारी मधल्या स्पीडवर तासाला पाचेक लिटर उडतं, म्हणजे टाकी दिवसभरात जाते. जितका कोरडा दिवस तितका गारवा जास्त आणि तितकंच पाणी जास्त, ह्यात सुटका नाही. आणि हे सगळं अशा दिवसांत, जेव्हा कृष्णेचं पात्र उघडं पडतं आणि कोयनेतून पाणी सोडा म्हणून इकडून महाराष्ट्राकडं पत्रं जायला लागतात. नदीकाठच्या गावांत नळाला पाणी कधी येणार ह्यावर घरातली सगळी कामं ठरतात, तिथं पाणी उडवून गारवा करायचा म्हणजे ऐकणाऱ्याला चैनच वाटणार. मी मामांशी वाद घालत नाही. दुपारी बारा ते चार एवढाच पंप चालवते, बाकी वेळ पंखा. टाकीत तळाला राहिलेलं पाणी अंगणात शिंपडते.

पाणी बोअरचं, म्हणजे क्षार आलेच. पाणी उडतं, क्षार मागं राहतात, टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जड होत जातं आणि हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या भोकांच्या) पॅडवर पांढरा थर धरतो. थर धरला की पॅडमधून वारा जात नाही, नुसता आवाज येतो. रोज वरून भर घालत राहण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी केलेली बरी. महिन्याकाठी लिंबूसत्व कोमट पाण्यात विरघळवून पॅड त्यात भिजत ठेवते आणि मऊ ब्रशनं हलक्या हातानं घासते. जोर लावला तर पॅड म्हणजे शेवटी पुठ्ठाच. आमच्या गल्लीत एका वैनींनी शक्कल काढली होती, फिल्टरचं वाया जाणारं पाणी कुलरला. ऐकायला काटकसर, पण त्या पाण्यात क्षार आधीच जास्त असतात, त्यांचे पॅड हंगाम संपायच्या आत दगड झाले. उलट नाणं टाकून मिळणारं केंद्रावरचं शुद्ध पाणी कुलरला ओतणं माझ्या जिवावर येतं, ते पिण्यासाठी आहे.

वाळ्याचंही सांगते. आधीच्या लोखंडी कुलरना वाळ्याचे किंवा लाकडाच्या बारीक किसाचे (त्याला गवतच म्हणतात) पडदे असायचे, सुरुवातीला काय सुंदर वास यायचा! ते गवत वर्षाला बदलावं लागतं. हनीकोंब जास्त टिकतो, वास मात्र शून्य. काहीजण वाळ्याची जुडी टाकीत सोडतात, त्याची मुळं सुटून पंपात अडकतात. सोडायचीच तर मलमलच्या पिशवीत बांधून सोडा. पिशवी शिवून मिळेल.

टाकी रिकामी करायचं दुसरं कारण डास. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी टाकी कोरडी करून आतून पुसायला हवी, नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. आशा ताई बॅटरी घेऊन टाक्या बघत येतात तेव्हा माझ्याकडचा कुलरही न सांगता बघतात.

आणि पाणी भरताना प्लग काढा. बटण बंद केलं म्हणून भागत नाही, प्लगच काढा. लोखंडी बॉडीचा जुना कुलर, अर्थिंग नाही, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय. ह्यात माणसं गेली आहेत.

विजेचं म्हणाल तर कुलर दीडशे वॅटच्या आसपास घेतो, सहा-सात तासांना एक युनिट. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असला की एका तासातच तेवढी किंवा त्याहून जास्त वीज घेतो. २०२३ पासून आपल्याकडं कर्नाटकात गृहज्योती, म्हणजे घरगुती मोफत विजेची योजना आहे. महिन्याला दोनशे युनिटांच्या वर गेलं की सगळंच बिल खिशातनं भरायचं, त्यामुळं एसीचा विषय आमच्याकडं निघतो तसाच मिटतो. शिवाय दुपारी वीज गेली तर कुलर इन्व्हर्टरवर चालतो.

हे सगळं सुख साधारण एप्रिल संपेपर्यंतचं. मग एखाद्या संध्याकाळी वळीव येतो. द्राक्षवाल्यांच्या शेडवर तोवर बेदाणा पसरलेला असला तर त्यांची झोप उडते. ज्या कोरड्या वाऱ्यावर त्यांचा बेदाणा वाळतो त्याच वाऱ्यावर माझा कुलर चालतो, आणि तो वारा एका सरीत मरतो. दुसऱ्या दिवशी पारा चौतिसावर आलेला असतो, पण ओल्या चिंधीतलं थर्मामीटर सत्तावीस-अठ्ठाविसाच्या खाली हलत नाही. कुलर फार तर एकोणतीसची हवा देतो, तीही ओली. चाळिसापेक्षा हा चौतीस जास्त छळतो, कारण घामच वाळत नाही. अशा दिवशी पंप बंद, पंखा चालू, आणि मान पुसायला गळ्यात पंचा.

जूनमध्ये मृगाच्या आसपास मी कुलर आवरते. टाकी पुसून पॅड उन्हात खडखडीत वाळवते, नाहीतर पुढच्या वर्षी पहिल्याच दिवशी खोलीभर कुबट वास. पंप काढून त्याची जाळी धुते, सगळ्यावर जुनं बेडशीट.

खानापूरची माझी धाकटी बहीण गेल्या मे महिन्यात आली होती, वळिवाच्या आधी. चार दिवस कुलरपुढून उठली नाही. जाताना म्हणाली, ‘अक्का, मी पण घेते.’ मी तिला भिजवलेलं अस्तर दाखवलं, दोरीवर टाकलं, वाळवून हातात दिलं आणि विचारलं, तुझ्याकडं मे महिन्यात ह्याला किती वेळ लागतो? ‘संध्याकाळ होते की,’ ती म्हणाली. मग कशाला घेतेस? हो हो करून गेली, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मागवला. आता त्यात पाणी न घालता नुसता पंखा म्हणून वापरते आणि फोनवर मला सांगते की वारा चांगला येतो.