वात कुठली घ्यायची, हे कोणीच का सांगत नाही? : मेणबत्त्यांचा माझा अनुभव

घरच्या घरी मेणबत्त्या करणे सोपे आहे, असे जो तो सांगतो, आणि मेण वितळवून ओतण्यापुरते ते खरेही आहे. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचे भांडे, खाली मंद आच, एवढेच ते काम. मेण थेट गॅसवर मात्र कधीही ठेवू नये, कारण ते पाण्यासारखे उकळून इशारा देत नाही. ते नुसते तापत जाते, धूर सोडू लागते आणि मग पेट घेते. तसे झालेच, तर पाणी अजिबात न ओतता गॅस बंद करून भांड्यावर घट्ट झाकण ठेवावे. हा सगळा भाग माझा एका दुपारीच जमून गेला. दिवाळीच्या आधीचे उरलेले सगळे दिवस खाल्ले ते वातीने.

पुण्यातल्या रविवार पेठेत मेणबत्तीच्या सामानाच्या एका दुकानातून मी सोयाबीनचे मेण, काचेचे ग्लास आणि खाली पत्र्याची बैठक असलेल्या तयार वातींचे पाकीट आणले. पाकिटावर वातीची लांबी होती, नगांची संख्या होती, सुती असल्याची ग्वाही होती. ती किती पदरी आहे आणि किती रुंद ग्लासासाठी आहे, हे मात्र कुठेही नव्हते. दुकानदाराला विचारले, तेव्हा ‘सगळ्यात हीच चालते, ताई’ एवढे बोलून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. या एका वाक्याचा राग मला अजूनही आहे, कारण ‘सगळ्यात चालणारी’ वात अशी वस्तूच अस्तित्वात नाही.

मेणबत्तीत जळते ते मेण, पण ते ज्योतीपर्यंत पोहोचवते वात. ज्योतीच्या उष्णतेने भोवतीचे मेण वितळते, वातीच्या धाग्यांमधून वर चढते, तिथे त्याची वाफ होते आणि ती वाफ जळते. म्हणजे वात जेवढे मेण वर ओढू शकेल, तेवढीच ज्योत मोठी होणार आणि तेवढ्याच रुंदीचे मेण वितळणार. ग्लास रुंद आणि वात बारीक असेल, तर मधोमध विहिरीसारखा खड्डा पडत जातो आणि कडेचे मेण जसेच्या तसे राहते. माझ्या ग्लासांत नेमके हेच होत होते. अर्ध्या-पाऊण तासात ज्योत तांदळाच्या दाण्याएवढी उरे, भोवती साचलेल्या मेणात वात बुडत जाई आणि शेवटी एक बारीकशी चरचर होऊन सगळे विझे. चमच्याने मेण उपसून वात मोकळी केली, की पुन्हा तोच प्रकार.

मग दुसरीकडून जाड वात मागवली. तिच्या पाकिटावरही फक्त लांबीच. ती बुडाली नाही, पण ज्योत उंच होऊन थरथरू लागली, वातीच्या टोकावर काळ्या कोळशाचे बोंड धरले आणि ग्लासाच्या काठावर काजळी चढली. घरात कोणीतरी देवघरातली समईची वात वापरण्याचे सुचवले. तेलातल्या वातीला आपण अधूनमधून पुढे सारतो, तिची काजळी झाडतो. मेणबत्तीच्या वातीकडे असे कोणी बघत बसत नाही. ती वेणीसारखी विणलेली असते. विणीमुळे तिचे टोक जळताना एका बाजूला वाकते, ज्योतीच्या कडेला येते आणि तिथे आपोआप जळून जाते. ही विणलेली वात १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये निघाली. त्याआधी पिळाच्या वाती सतत कात्रीने कापत बसावे लागे. दोनशे वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न पाकिटावर एक आकडा न छापल्यामुळे माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा येऊन बसला होता.

शेवटी मी सुट्या, मीटरवर मिळणाऱ्या वाती आणल्या. त्या विकणाऱ्याला पदर विचारले की तो सांगतो, आणि नाही सांगितले तर टोक उसवून आपल्याला मोजता येतात. एकाच मापाचे ग्लास, एकाच वजनाचे मेण आणि प्रत्येकात वेगळी वात असे ओळीने मांडून, तळाला चिठ्ठ्या चिकटवून, ते एकदमच पेटवले. ग्लासाच्या दर इंच व्यासाला साधारण तासभर, या हिशेबाने मेण काठापर्यंत वितळले आणि ज्योत शांत राहिली, तर वात बरोबर. माझ्या सात सेंटिमीटरच्या ग्लासात चोवीस पदरी वात बुडत होती आणि छत्तीस पदरी नीट चालली. हा आकडा मात्र कोणी डोळे झाकून उचलू नये. मेण बदलले, सुगंधी तेल वाढवले किंवा रंग गडद केला, तरी वात पुन्हा तपासावी लागते. फारच रुंद भांड्यात एक जाड वात लावण्यापेक्षा दोन बारीक वाती अंतर ठेवून लावाव्यात.

सुट्या वातीला आधी मेण पाजावे लागते, हे सांगायचे राहिले. वितळलेल्या मेणात ती सोडली की धाग्यांतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते. बुडबुडे थांबले की काढून, ताणून सरळ वाळवावी. मेण ओतल्यावर ती मधोमध राहावी म्हणून ग्लासावर दोन आइस्क्रीमच्या काड्या आडव्या ठेवून त्यांच्या चिमटीत धरावी. दर वेळी पेटवण्याआधी ती पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापावी. निम्मी काजळी त्यानेच जाते.

साच्यातल्या आकारांचा मोह मलाही होता. वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरे मिळतात, तसे काही करावे असे वाटे. पण ते आकार नवसाला वाहायचे असतात, तासन्‌तास जळण्याची अपेक्षा त्यांच्याकडून नसते. जळायची वस्तू करायची, तर सुरुवात साध्या सरळ ग्लासानेच करावी. पॅराफिनचे मेण घेतले, तर ते थिजताना आकसते आणि वातीजवळ खळगा पडतो. थोडे मेण मागे ठेवून तो दुसऱ्यांदा ओतून भरावा. खाण्याचा रंग मेणात मिसळत नाही, तळाशी ठिपके होऊन बसतो. मेणाचा रंग वेगळा मिळतो, तोच घ्यावा. सुगंधी तेल थेंबांनी न मोजता वजन करून घालावे, मेणाच्या सहा टक्के पुरते. सोयाच्या मेणाचा सुगंध मुरायला आठवडा-दोन आठवडे लागतात, त्यामुळे धनत्रयोदशीला द्यायच्या मेणबत्त्या दसऱ्यालाच ओतून व्हायला हव्यात.

भांडी गरम असतानाच वर्तमानपत्राने पुसून घ्यावीत. मेणाचे पाणी बेसिनमध्ये ओतू नये. ते आत जाऊन थिजते आणि ऐन सणात प्लंबर मिळत नाही.