जुनी एसयूव्ही, ऑक्सिजन सेन्सर आणि एक गंजलेली अर्थ पट्टी

माझ्या जुन्या पेट्रोल एसयूव्हीचा ‘चेक इंजिन’चा दिवा दोन महिने विझत नव्हता. स्कॅनर लावला की प्रत्येक वेळी पी०१७१ हाच कोड येई, म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. गॅरेजमध्ये एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बदलून पाहिला, तरी फरक पडला नाही, आणि मग ईसीएमच, म्हणजे इंजिन चालवणारा संगणकच, बदलावा लागेल असे मला सांगण्यात आले. ते काही केल्या पटेना, कारण कोड पेट्रोल कमी असल्याचे सांगत होता, तर खोलून पाहिलेले चारही स्पार्क प्लग काजळीने काळे झाले होते आणि सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येत होता.

ईसीएमला तारेतून जे कळते, तेवढेच कोडमध्ये उतरते. झिर्कोनियाचा हा सेन्सर सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या वर तापला की काम करू लागतो. पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास आणि हवा जास्त असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास संकेत देतो, आणि ईसीएम साधारण ०.४५ व्होल्टची रेषा धरून पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. सेन्सर मोजतो तो मात्र ऑक्सिजन. त्यामुळे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या, गॅस्केटमधून बाहेरची हवा आत ओढली जात असेल किंवा एखादा सिलिंडर मिसफायर होत असेल, म्हणजे त्यातले मिश्रण पेटत नसेल, तरीही त्याला पेट्रोल कमीच दिसते आणि ईसीएम विनाकारण पेट्रोल वाढवत राहतो. या दोन्ही शक्यता मी आधी तपासल्या. दोन्ही निघाल्या नाहीत.

उत्तर सापडले ते संध्याकाळी, हेडलाइट लावल्यावर. मल्टिमीटर सेन्सरच्या सिग्नल वायरला जोडलेला होता आणि दिवे लागताच आकडा झर्रकन खाली आला. माझ्या गाडीतला सेन्सर तीन तारांचा आहे: दोन हीटरच्या, एक सिग्नलची, आणि अर्थ (प्रवाह परत जाण्याची वाट) मिळते ती एक्झॉस्टच्या धातूतून, म्हणजेच इंजिनातून. ईसीएमची अर्थ मात्र बॉडीवर आहे. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तारांची पट्टी गंजली असेल, तर दिव्यांचा प्रवाह तिच्यातून परतताना दोन्हींमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो आणि सेन्सरचा संकेत तेवढाच खाली सरकतो. मल्टिमीटरची एक काडी इंजिन ब्लॉकला आणि दुसरी बॉडीला लावली, तेव्हा ०.४ व्होल्ट दिसले. हा फरक ०.१ च्या आत असायला हवा. पट्टीचा बोल्ट सोडवला, तर वॉशरखाली हिरवट-पांढरा गंजाचा थर साचला होता.

ईसीएम बिघडत नाही असे माझे म्हणणे नाही. जुन्या ईसीएममधले कपॅसिटर गळतात आणि त्यातला द्रव बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो, हे खरे आहे. पण बॅटरीचा पुरवठा, अर्थ आणि सेन्सरांना जाणारे ५ व्होल्ट भार असताना मोजून बरोबर आल्याशिवाय त्याला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. एखादा भलताच सेन्सर शॉर्ट होऊनही ते ५ व्होल्ट खाली बसतात आणि ईसीएम मेल्यासारखा वागतो.

नवी पट्टी बसवली, संपर्काच्या जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासल्या आणि जुने कोड पुसले. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएमने पेट्रोलमध्ये केलेली वाढ, २० टक्क्यांच्या वर होते, ते दोन दिवसांच्या चालवण्यात ३ टक्क्यांवर आले.