दहा पाणी

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि आधी आठवला तो हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या औषधाचा वास. बाकीच्या गुरुजनांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांची क्षमा मागून मी फक्त आपल्या ड्रॉइंगच्या सरांवर लिहितो. नाव घालत नाही. घातलेलं त्यांना आवडलं नसतं.

जिन्याखालची खोली सगळ्यांना माहीत आहे. तिथं काय चालायचं ते मात्र आम्हा चौघापाचांनाच ठाऊक. ती आमची डार्करूम: खिडकीला घोंगडं, झिरोचा लाल बल्ब, एका स्टुडिओनं मोडीत काढलेला एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र. कॅमेरा आग्फा क्लिक थ्री. एका रोलवर १२ फोटो, त्यामुळे बटण दाबण्याआधी सर तीनदा विचार करायला लावत. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं औषध, घरचाच. प्रयोगशाळेच्या तराजूवर २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम बोरॅक्स, आणि लिटरभर पाणी. मेटॉल आधी घालायचं. सल्फाइट आधी पडलं की मेटॉल विरघळायला मागत नाही. पाणी २० अंशांवर हवं. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात खरं, पण एप्रिलात आम्ही आईसकांडीवाल्याकडून बर्फ आणून ट्रेखाली ठेवायचो.

कोऱ्या कागदावर चित्र उमटतं त्या जादूबद्दल सगळेच बोलतात. मला आठवतं ते धुणं.

२५ जून १९८३. शनिवार, सकाळची शाळा सुटलेली. आदल्या एसएसएलसी (दहावी) बॅचच्या ग्रुप फोटोच्या प्रती काढायच्या होत्या. दुपारी लॉर्ड्सवर वर्ल्डकपची फायनल. शिपाईमामांचा ट्रान्झिस्टर विहिरीच्या कट्ट्यावर, माझा जीव त्या ट्रान्झिस्टरात. नळाला पाणी नव्हतं, म्हणून रहाटानं ओढून घमेल्यात प्रती धूत होतो. दोन पाणी काढली आणि उठलो.

"काय गा, झालं?"

"झालं, सर."

सरांनी परीक्षानळीत पोटॅशियम परमँगनेटचं जांभळट पाणी घेतलं. हे तेच औषध, पावसाळ्यात विहिरीत टाकायचे ते. एक प्रत कोपऱ्याला धरून तिचं पाणी त्यात निथळू दिलं. चार थेंब पडले आणि रंग उडाला.

"हायपो आहे अजून. धू."

सर चिडले नाहीत, हेच जास्त लागलं. हायपो कागदाच्या धाग्यात दडून बसतो, आज दिसत नाही, पण पुढे काही वर्षांनी चित्र ज्यानं बनतं ती फोटोतली चांदी पिवळी-तपकिरी करून टाकतो, हे त्यांनी घमेल्याशी उकिडवं बसून सांगितलं. श्रीकांत ३८ वर गेला तेव्हा पाचवं पाणी चालू होतं. १८३ वर सगळे बाद झाले तेव्हा आठवं. दहाव्या पाण्यानंतर नळीतला रंग तसाच राहिला. सर म्हणाले, "आता जा, वेस्ट इंडीजची बॅटिंग ऐक." त्या रात्री आपण जिंकलो हे सगळ्या देशाला आठवतं, मला तो न उडालेला रंग.

पुढे हुबळीला एक्स-रे टेक्निशियनचा कोर्स केला. पहिल्या नोकरीत मुलाखतीच्या वेळी डॉक्टरांनी थेट डार्करूममध्ये नेऊन फिल्म हातात दिली. अंधारात हात कापले नाहीत. ३१ वर्षं त्यावर संसार चालला, दोन मुली शिकल्या. वापरलेला हायपो न्यायला एक माणूस यायचा, त्यातली चांदी काढायला. त्याला बघून दर वेळी सर आठवायचे. आता सगळं कॉम्प्युटरवर. एक्स-रे सेकंदात पडद्यावर येतो, धुवायचं काहीच नाही. माझ्याहून तरुण पोरं हे काम झपाझप करतात. करोत बापडी.

मागच्या महिन्यात शाळेत डोकावलो. जिन्याखाली जुने मॉनिटर रचून ठेवलेत. विहिरीवर सिमेंटचा स्लॅब पडलाय, त्यावर मोटरसायकली लावतात. रहाट कुठे गेला, कुणाला सांगता येईना. वाईट वाटलं. स्मार्ट बोर्ड चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही, पण एवढा रहाट तरी ठेवायचा होता.

त्या शनिवारची एक प्रत सरांनी मला दिली होती, बिघडलेली म्हणून. फोटोत मी नाही, माझ्या वर्गातलं कुणीच नाही. तरी चाळीस वर्षं जपलीय. माझ्याच लग्नाचे फोटो पिवळे पडलेत, ही अजून पांढरी स्वच्छ आहे. स्मरणिकेसाठी सोबत पाठवतोय. खाली डाव्या कोपऱ्यात ओल्या अंगठ्याचा ठसा आहे, तो माझा. छापताना कापू नये, ही विनंती.